हेडफोन अ‍ॅम्पवरून स्पीकर चालवायचे असतील तर

टेबलावर चांगला हेडफोन अ‍ॅम्प आहे, बाजूला अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत स्वतःचा पॉवर अ‍ॅम्प असलेल्या, स्पीकरची जोडी आहे, आणि तरी मध्ये एक प्रीअ‍ॅम्प घ्यावा का, असा विचार चाललाय? माझं उत्तर: घेऊ नका. प्रीअ‍ॅम्पची कामं तीन. आवाज कमीजास्त करणं, दोन-तीन ठिकाणांहून गाणं येत असेल तर त्यातलं एक निवडणं, आणि पुढच्या यंत्राला पुरेसा सिग्नल देणं. यातलं पहिलं आणि तिसरं काम हेडफोन अ‍ॅम्प अगदी सहज करतो. मी गाणं शिकते. दिवसा स्पीकरवर ऐकायचं आणि रात्री सोसायटी झोपल्यावर हेडफोनवर, असा माझा शिरस्ता आहे. दोन्हीला एकच नॉब पुरतो.

तो का पुरतो, हे एकदा कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. हेडफोनचा रोध साधारण ३२ ते ३०० ओहम असतो, म्हणजे त्याला व्होल्टेजबरोबर करंटही द्यावा लागतो. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या इनपुटचा रोध १०,००० ओहम किंवा त्याहून जास्त असतो. तो करंट जवळजवळ घेतच नाही, त्याला फक्त व्होल्टेज हवं. जे यंत्र ३२ ओहमचा हेडफोन रेटतं त्याच्या दृष्टीनं १०,००० ओहम म्हणजे भारच नव्हे. शिवाय हेडफोन अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट रोध फार कमी, चांगल्या अ‍ॅम्पमध्ये एक ओहमच्या आतबाहेर असतो. त्यामुळे चार-पाच मीटर लांब केबल टाकली तरी वरच्या पट्टीतला आवाज मंदावत नाही. नुसता नॉब घातलेला पॅसिव्ह डबा इथे मार खातो.

आधी स्पीकर कोणता ते बघा

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे ज्याच्या मागे मेन्सची वायर येते तो. एडिफायर आर१२८०टी सारख्या जोडीत मेन्स एकाच स्पीकरला असतं आणि दुसरा त्याला दोन तारांनी जोडलेला असतो. तुमचा अ‍ॅम्प फक्त मेन्सवाल्याला लावायचा. स्टुडिओ मॉनिटर असतील, म्हणजे यामाहा एचएस५ किंवा जेबीएल ३०५पी यांसारखे, तर दोन्हींना स्वतंत्र मेन्स आणि स्वतंत्र इनपुट असतं.

मेन्सची वायर नसलेला स्पीकर पॅसिव्ह. तो ४ किंवा ८ ओहमचा असतो आणि हेडफोन अ‍ॅम्पला थेट लावायचा नाही. लावलात तर स्पीकर कण्हल्यासारखा वाजेल आणि बिचारा अ‍ॅम्प तापेल. त्याला मध्ये पॉवर अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारं यंत्र, हवा. घरात जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच डब्यात असलेला, पडून असेल तर मागे वाकून बघा. एनएडी ३०२० सारख्या जुन्या यंत्रांत ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ या जोडांमध्ये यू आकाराच्या धातूच्या कड्या असतात. त्या काढल्या आणि हेडफोन अ‍ॅम्प ‘मेन इन’ला लावला की त्या यंत्राचा नुसता पॉवर अ‍ॅम्प होतो. तशी सोय नसली तर सरळ ‘ऑक्स’ या साध्या इनपुटला लावा, त्याचा व्हॉल्यूम एका जागी ठेवून द्या आणि रोजचा आवाज हेडफोन अ‍ॅम्पवरून कमीजास्त करा. फक्त ‘फोनो’ला लावू नका. ते तबकड्यांच्या सुईसाठी असतं. तिथे सिग्नल प्रचंड वाढवला जातो आणि त्याचा खर्जही मुद्दाम बदलला जातो.

उलटा प्रवास तर कधीच करायचा नाही. कुठल्याही पॉवर अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून निघालेली तार हेडफोन अ‍ॅम्पच्या किंवा अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या इनपुटमध्ये घालू नका.

कुठून बाहेर काढायचं

अ‍ॅम्पच्या मागे ‘प्री आउट’ लिहिलेले दोन आरसीए, म्हणजे लाल-पांढरे गोल जोड, असतील तर काम अर्धं झालं. शीट कंपनीचा मॅग्नी आणि जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम या दोन्ही हेडफोन अ‍ॅम्पना ते आहेत. पुढे हेडफोनची पिन घातली की मागचा आवाज आपोआप बंद होतो, पिन काढली की स्पीकर वाजायला लागतात. रोजच्या वापरात यासारखं सुख नाही.

‘लाइन आउट’ लिहिलं असेल तर मात्र सावध. डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल गाण्याचा अ‍ॅनलॉग सिग्नल करणारं यंत्र. डॅक आणि अ‍ॅम्प एकत्र असलेल्या अनेक डब्यांत लाइन आउटचा आणि नॉबचा संबंध नसतो. नॉब शून्यावर असला तरी तिथून पूर्ण ताकदीचा, बहुधा २ व्होल्टचा सिग्नल बाहेर पडतो. स्पीकर लावून आपण निवांत ‘प्ले’ दाबतो आणि अख्खी इमारत जागी होते. खात्री करायची पद्धत सोपी आहे. स्पीकरच्या मागचा आवाज अगदी कमी ठेवा, गाणं लावा आणि अ‍ॅम्पचा नॉब फिरवा. आवाज हलला नाही तर ते लाइन आउट आहे. काही यंत्रांत एखादं बटण किंवा मेनू वापरून त्याला ‘प्री’ करता येतं. तसं नसेल तर ते जोड विसरा आणि पुढच्या हेडफोन जॅकमधून सिग्नल काढा.

हेडफोन जॅकमधून काढण्यात कमीपणा काहीच नाही. २०११ मध्ये आलेल्या आणि हौशी मंडळींनी घरोघरी सोल्डर करून बनवलेल्या ओ२ या अ‍ॅम्पला मागे प्री आउट नव्हतंच. तरी तो स्पीकरपुढे उत्तम चालतो. त्रास एवढाच की हेडफोन ऐकायचा तर दरवेळी पिन काढा-घाला करावी लागते.

वायर, आणि गायब होणारा गायक

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर ६.३५ मिलिमीटरच्या जाड पिनेला ‘पी-३८’ म्हणून मागा, लगेच पुढ्यात येईल. अ‍ॅम्पच्या पुढच्या जॅकमधून आरसीए इनपुटच्या स्पीकरकडे जायचं असेल तर एका टोकाला स्टिरिओ पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए, अशी वायर हवी. स्टुडिओ मॉनिटर असतील तर एका टोकाला स्टिरिओ पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८.

हे ‘मोनो’ ठासून सांगा. मी वायर घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं एकीकडे एक आणि दुसरीकडे दोन, पण सगळ्याच पिना स्टिरिओ असलेली वायर पुढे केली.

“ताई, हीच घ्या, पिन तर सारखीच आहे. एक डावीकडे लावा, एक उजवीकडे.”

“नाही हो काका. मला एकीकडे स्टिरिओ आणि दुसरीकडे दोन मोनो, अशी द्या.”

“मग मिक्सरवाल्यांची सांगा की!” म्हणत त्यांनी वरच्या खोक्यातून बरोबर वायर काढली.

फरक का पडतो ते सांगते. स्टिरिओ पिनेवर तीन भाग असतात. टोकाला डावा चॅनल, मधल्या कड्यावर उजवा आणि खाली ग्राउंड. मॉनिटरच्या बॅलन्स्ड इनपुटलाही अशीच तीन भागांची पिन बसते, पण त्याचा अर्थ वेगळा. टोकाला सिग्नल आणि कड्यावर त्याच सिग्नलची उलटी प्रत आहे असं धरून स्पीकर त्या दोघांची वजाबाकी करतो. तुम्ही हेडफोनची स्टिरिओ वायर सरळ घातलीत की डाव्यातून उजवा वजा होतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते नाहीसं होतं, आणि गायकाचा आवाज बहुतेक ध्वनिमुद्रणांत नेमका तोच असतो. मागचा वाद्यमेळ आणि थोडा घुमारा ऐकू येतो, गायक मात्र उठून गेलेला. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या तर मुळातच मोनो. त्या अशा जोडणीवर लावल्या तर जवळपास शांतता पसरते, फार तर थोडी खरखर. स्पीकर बिघडला म्हणून कुणी दुकानात उचलून न्यायच्या आधी वायर बघा.

हेडफोन अ‍ॅम्पला ४.४ मिलिमीटरचं किंवा चार पिनांच्या एक्सएलआरचं (माइकच्या वायरीला असतो तशा गोल जोडाचं) बॅलन्स्ड आउटपुट असेल तर आणखी एक धोका आहे. तिथे डाव्याची आणि उजव्याची ‘उणे’ तार ग्राउंड नसते, तिच्यावरही अ‍ॅम्पचा सिग्नल असतो. बाजारात ४.४ ते दोन आरसीए अशा वायरी मिळतात. त्यात दोन्ही उणे तारा आरसीएच्या बाहेरच्या कड्याला जोडलेल्या असल्या तर अ‍ॅम्पचं अर्धं आउटपुट ग्राउंडला शॉर्ट होतं आणि चिप जाऊ शकते. त्या वायरीच्या नादी लागू नका, आरसीएसाठी साधा सिंगल एंडेड जॅक, म्हणजे दोन्ही चॅनलना एकच ग्राउंड असलेला, वापरा. मॉनिटरला एक्सएलआर असेल तर मात्र ४.४ चा खरा उपयोग होतो. ४.४ च्या पिनेवर टोक डावा अधिक, पहिलं कडं डावा उणे, दुसरं कडं उजवा अधिक, तिसरं उजवा उणे. एक्सएलआरवर अधिक दोन नंबरच्या पिनेला आणि उणे तीन नंबरला जातं. कुणाकडून वायर करून घेणार असाल तर हे कागदावर लिहून द्या आणि घरी आल्यावर मल्टिमीटरनं तपासा.

गेन आणि नॉबची जागा

गेन म्हणजे अ‍ॅम्प सिग्नल किती पट वाढवतो ते. नव्वद टक्के वेळ लोक इथेच अडकतात, आणि दोष देतात अ‍ॅम्पला. आकडे बघा. डॅकमधून बहुधा जास्तीत जास्त २ व्होल्ट येतात. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरला मोठ्यांदा वाजायला बहुधा अर्ध्या-एक व्होल्टच्या आसपास पुरतं. घरगुती यंत्रांची प्रमाणित पातळी −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. स्टुडिओतली +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. याचा अर्थ अ‍ॅम्पनं सिग्नल अजिबात वाढवला नाही तरी तो गरजेपेक्षा जास्तच आहे. म्हणून लो गेन. हाय गेनवर ठेवलात तर नॉब जरा हलवताच स्पीकर ओरडायला लागतो आणि नॉबची खूण घड्याळाच्या काट्यासारखी धरली तर सगळं ऐकणं आठ-नऊ वाजण्याच्या जागेवर अडकतं.

तिथे अडकणं वाईट, कारण साध्या व्हॉल्यूम पॉटमध्ये, म्हणजे नॉबच्या मागच्या भागात, डाव्या आणि उजव्या चॅनलची पट्टी सुरुवातीच्या भागात एकमेकींशी जुळत नाहीत. तानपुरा मधून सरकून एका कानाशी येऊन बसतो. नॉब वर नेला की तो पुन्हा मध्ये येतो. आपल्याला रोजचं ऐकणं दहा ते एक वाजण्याच्या पट्ट्यात हवं आहे.

त्यासाठी मी असं करते. अ‍ॅम्प लो गेनवर. कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण. स्पीकरच्या मागचे नॉब शून्यावर. मग ओळखीचं, जरा दणकट ध्वनिमुद्रण लावायचं आणि अ‍ॅम्पचा नॉब दोन वाजण्यापर्यंत न्यायचा. आता मागचे नॉब हळूहळू वाढवत जायचे, जिथे ‘याच्यापुढे मला कधीच नको’ असं वाटेल तिथे थांबायचं. मागे −१० आणि +४ असा स्विच असेल, जसा जेबीएल ३०५पी मार्क २ ला आहे, तर तो +४ वर ठेवा. त्यानं स्पीकर कमी संवेदनशील होतो आणि नॉबला फिरायला जागा मिळते. एवढं करूनही आवाज जास्त वाटला तर आरसीएमध्ये बसणारे १० डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर मिळतात, ते घाला. किंवा कॉम्प्युटरमध्ये फॉरमॅट २४ बिट करून तिथला आवाज दहाएक डेसिबल कमी करा. एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल, त्यामुळे २४ मधले दोन गेले तरी कानाला पत्ता लागत नाही.

दोन स्वतंत्र मॉनिटर असतील तर त्यांचे मागचे नॉब सारखे जुळवायला मोनो ध्वनिमुद्रणासारखं साधन नाही. डोळे मिटून बसा. गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, नाकासमोर बसलेला वाटला पाहिजे. डावीकडे झुकला तर डावा केसभर कमी करा. नॉबवरच्या रेघांवर विश्वास ठेवू नका, कानावर ठेवा.

चालू-बंद करायचा क्रम

चालू करताना आधी डॅक किंवा कॉम्प्युटर, मग हेडफोन अ‍ॅम्प, शेवटी स्पीकर. बंद करताना बरोबर उलटं, आधी स्पीकर. हेडफोन अ‍ॅम्प चालू होताना त्याच्या आउटपुटवर क्षणभर धक्का येतो. हेडफोनमध्ये तो ‘टप्’ असा वाजतो, स्पीकरमध्ये ‘धप्प’. काही अ‍ॅम्पमध्ये रिले असतो, चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज करून तो मग आउटपुट जोडतो. ते अ‍ॅम्प गुणी. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर तो चांगला तापेपर्यंत स्पीकरला हातच लावू नका.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि तीनदा लपंडाव खेळून परत येते. तेव्हा सगळं एकदम चालू होतं आणि क्रम कसला न् काय. म्हणून वीज गेली की पहिल्यांदा स्पीकरची मागची बटणं बंद. हा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

पुढे पॉवर अ‍ॅम्प असेल तर जोडण्याआधी आणखी एक तपासणी करा. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा, गाणं बंद ठेवा आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये मोजा. नॉब शून्यावर आणि पूर्ण, दोन्ही ठिकाणी. काही मिलिव्होल्ट आले तर ठीक. ५० च्या वर आले तर थांबा. पॉवर अ‍ॅम्प सिग्नल वीसेक पट वाढवतो, आणि इनपुटला कपॅसिटर नसेल तर तेच ५० मिलिव्होल्ट स्पीकरवर १ व्होल्ट डीसी होऊन बसतात. अ‍ॅम्प आधी कारागिराला दाखवा.

अमेरिकेहून कुणी अ‍ॅम्प आणून दिला असेल तर सॉकेटमध्ये घालण्याआधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालवतात, म्हणून आपण सगळंच तसं धरतो. पण अनेक हेडफोन अ‍ॅम्पना ट्रान्सफॉर्मरचा वजनदार अडॅप्टर येतो आणि तो फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर तो जळतो. बदली अडॅप्टर घेताना आउटपुट बाजूही बघा. यातले बरेच एसी देतात, डीसी नव्हे. पिन बसली म्हणजे जमलं, असं नसतं.

गुणगुण

सगळं जोडलं आणि स्पीकरमधून सतत ‘हंऽऽ’ ऐकू येतंय. हेडफोनवर हे कधी जाणवलं नव्हतं, कारण तेव्हा अर्थिंगचा एकच रस्ता होता. आता कॉम्प्युटरचा एक आणि स्पीकरचा दुसरा, असे दोन झाले आणि त्यातून मेन्सचे ५० हर्ट्झ फिरायला लागले. याला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. आता सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बऱ्याच घरांत एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर यूएसबी आयसोलेटर, किंवा आरसीएमध्ये घालायचा ग्राउंड लूप आयसोलेटर. दुसऱ्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आणि स्वस्तातला घेतला तर पखवाजाचा खर्ज खातो.

प्लगची अर्थची पिन कापून टाका, असं सांगणारे लोक भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि चहा पाजून परत पाठवा. ती पिन जीव वाचवायला आहे.

‘स्स्स’ असा वाऱ्यासारखा आवाज वेगळा. स्पीकरच्या सगळ्या वायरी काढून तो चालू करा. तरी तो आवाज आला तर तो स्पीकरच्या आतल्या अ‍ॅम्पचा आहे. स्पीकरच्या आधीच्या यंत्रांवर हजारो रुपये ओतले तरी तो जाणार नाही.

हेडफोन परत लावताना

एकच नॉब दोघांना असल्यामुळे हे विसरायला होतं. दुपारी स्पीकरसाठी नॉब एक वाजण्यावर होता. रात्री तुम्ही कानात घालायचे संवेदनशील इअरफोन लावलेत आणि नॉबकडे न बघता ‘प्ले’ दाबलंत, तर कानठळ्या बसतील. पिनेला हात लावायच्या आधी नॉब शून्यावर. हेडफोन कमी संवेदनशील, ३०० ओहमचे असतील तर उलटं होतं. रात्री हाय गेनवर नेता, सकाळी ते तसंच राहतं आणि स्पीकर अंगावर येतात. मी गेनच्या बटणाशेजारी लाल टिकली लावून ठेवली आहे.

उणिवाही सांगते. रिमोट नाही. कोचावरून उठून टेबलापर्यंत जावं लागतं, आणि आलापाच्या ऐन मध्यात फोन वाजला की याची फार चीड येते. दोन-तीन ठिकाणांहून गाणं येत असेल, टीव्ही, टर्नटेबल, कॉम्प्युटर, तर एका इनपुटचा अ‍ॅम्प पुरणार नाही. आरसीएचा साधा निवड-स्विच घेता येतो, पण टीव्ही मुख्य असेल तर प्रीअ‍ॅम्पच घ्या. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल अशी अपेक्षाही नको. डॅकमधून थेट गेलात किंवा अ‍ॅम्पमधून, बरोबरीच्या आवाजावर मला तरी भेद करता येत नाही. सबवूफर जोडायचा असेल तर अ‍ॅम्पमधून आधी सबमध्ये आणि सबच्या ‘आउट’मधून स्पीकरकडे जा, म्हणजे नॉब दोघांनाही लागू होतो. तुमच्या सबला तसं ‘आउट’ नसेल तर दोन वाय-केबल घ्या. दहा हजार ओहमचे दोन भार एकत्र लावले तरी पाच हजारच होतात, आणि हेडफोन अ‍ॅम्पला त्याचं काही वाटत नाही.